वाचकांचे प्रश्न : बास ॲम्प्लिफायरसाठी ट्यूब कोणती घ्यावी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे बास गिटारच्या ट्यूब (म्हणजे व्हॉल्व्ह) ॲम्प्लिफायरविषयी आहेत आणि चारही कोल्हापूर परिसरातून आलेली आहेत. पहिल्या पत्रातील प्रश्नाचा आवाका मोठा असल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे. इतर पत्रांची उत्तरे देताना त्यात आलेल्या गोष्टी पुन्हा सांगितलेल्या नाहीत.

प्रश्न : मी एका ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. माझ्याकडे १०० वॅटचे, वापरलेले विकत घेतलेले ट्यूब हेड (स्पीकरशिवायचा ॲम्प्लिफायर) आहे. त्यात चार ६एल६ पॉवर ट्यूब आणि पुढच्या भागात १२एएक्स७ ट्यूब आहेत. घरी सराव करताना आवाज भरीव वाटतो, पण गणेशोत्सवात चौकात किंवा मोकळ्या मैदानावर कार्यक्रम असला की खालचे स्वर घुमू लागतात आणि आवाज वाढवला की फाटतात. एक मित्र केटी८८ घालायला सांगतो, दुसरा ईएल३४ सुचवतो, तिसऱ्याच्या मते ६५५० शिवाय बासला वजन येत नाही. चार ट्यूबचा संच महाग पडत असल्याने एकदाच काय तो निर्णय घ्यायचा आहे. बाससाठी सर्वोत्तम ट्यूब कोणती? — एक बासवादक, राजारामपुरी

उत्तर : थेट उत्तर आधी देतो. आपल्या हेडची जोडणी आज जशी आहे तशीच ठेवायची असेल, तर त्यासाठी सर्वोत्तम पॉवर ट्यूब म्हणजे ६एल६जीसी जातीचा, चारही नग एकमेकांशी जुळवून घेतलेला आणि नीट बायस केलेला (सिग्नल नसतानाचा प्रवाह योग्य जुळवलेला) संच. केटी८८ आणि ६५५० या ट्यूब बाससाठी अधिक समर्थ आहेत यात वाद नाही, परंतु आपल्या हेडमध्ये त्या नुसत्या बदलून चालणार नाहीत. ईएल३४ आपल्याला हव्या त्या दिशेच्या उलट नेईल. आणि मैदानावर जो आवाज फाटतो, तो यांपैकी कोणतीही ट्यूब घातली तरी बहुधा तसाच फाटत राहील.

याचे कारण असे की ट्यूबला स्वतःचा बास नसतो. ग्रिडवर (सिग्नल जिथे दिला जातो त्या ट्यूबमधल्या जाळीवर) आलेला सिग्नल ४० हर्ट्झचा असो वा ४,००० हर्ट्झचा, ट्यूब तो सारख्याच पटीने वाढवते. खालचे स्वर अडतात ते ट्यूबच्या आजूबाजूच्या भागांत. दोन टप्प्यांमधला कपलिंग कपॅसिटर आणि त्याच्या पुढचा रेझिस्टर मिळून खालची सीमा ठरवतात. कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा आणि रेझिस्टर २२० किलोओहमचा असेल, तर ही सीमा सुमारे ३३ हर्ट्झवर येते आणि तिथे सिग्नल ३ डेसिबलने उतरलेला असतो. कॅथोडवरचा (ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या भागावरचा) बायपास कपॅसिटर २५ मायक्रोफॅरडचा असेल तर बासला काही होत नाही, पण गिटारसाठी बनवलेल्या काही मार्शल हेडमध्ये त्या जागी मुद्दाम ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातलेला असतो आणि तो खालचे स्वर पातळ करतो. चार तारांच्या बासचा सर्वांत खालचा ई ४१.२ हर्ट्झचा आणि पाच तारांच्या बासचा बी ३०.९ हर्ट्झचा असतो, हे लक्षात घेतले की आपले हेड मुळात गिटारसाठीचे आहे की बाससाठीचे, हे आधी पाहणे का आवश्यक आहे ते कळेल. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

कपॅसिटर स्वस्त असतात आणि बदलता येतात. खरी अडचण आउटपुट ट्रान्सफॉर्मरची असते. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह व्होल्टेजच्या सम प्रमाणात आणि वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. गिटारचा सर्वांत खालचा ई ८२.४ हर्ट्झचा, म्हणजे बासच्या ई च्या दुप्पट. तेवढाच व्होल्टेज असताना बासचा ई त्याच गाभ्यात दुप्पट चुंबकीय प्रवाह मागतो. गाभा लहान असेल तर तो तृप्त होतो, म्हणजे आणखी चुंबकीय प्रवाह सामावू शकत नाही, त्यानंतर ट्रान्सफॉर्मर ट्रान्सफॉर्मरसारखा वागत नाही आणि स्वर फाटतो. हे घरी घडत नाही, कारण घरी आपण काही वॅटच वापरतो. चौकात तेच हेड पूर्ण ताकदीने वाजवावे लागते आणि तेव्हा गाभ्याची मर्यादा उघडी पडते. बासच्या चांगल्या हेडमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच वॅटच्या गिटार हेडमधल्यापेक्षा मोठा आणि जड का असतो, त्याचे उत्तर यात आहे. हेड विकत घेताना ट्यूबवरची नावे वाचण्याआधी ते उचलून पाहावे, असे मी सांगतो ते अर्धे गमतीने आणि अर्धे खरोखर.

घरातील खोलीच्या भिंती खालच्या स्वरांना आधार देतात. मैदानावर हा आधार नसतो, म्हणून वादकाचा हात बासच्या बटणाकडे जातो. खालच्या पट्ट्यात १० डेसिबल वाढवले की त्या पट्ट्यासाठी ॲम्प्लिफायरला दहापट वॅट द्यावे लागतात. घरी ५ वॅटवर वाजणारा स्वर मैदानावर तसाच भरीव ऐकू यावा म्हणून केवळ हे एक बटण फिरवले, तरी ५० वॅट तिथेच संपतात आणि अजून आवाज वाढवायचा बाकीच असतो. १०० वॅटचे हेड १२५ वॅटचे करून मिळणारी वाढ १ डेसिबलचीच असल्यामुळे ती कानाला जेमतेम जाणवेल. ट्यूब बदलून वॅट वाढवण्याच्या सल्ल्यात हीच मेख आहे.

आता चारही ट्यूबची तुलना, कारण आपण विचारली आहे आणि ती निरर्थक नाही.

६एल६ ही आरसीए कंपनीने १९३६ साली बाजारात आणलेली बीम टेट्रोड, आणि तिचा आजचा ६एल६जीसी हा प्रकार प्लेटवर (इलेक्ट्रॉन जिथे आदळतात त्या भागावर) ३० वॅट उष्णता सहन करतो. तिचा आवाज स्वच्छ असतो, खालचे स्वर आटोपशीर राहतात आणि मधल्या पट्ट्यात ती फारशी पुढे येत नाही. ईएल३४ ही पेंटोड असून तिची मर्यादा २५ वॅट आहे. ग्रिडवर कमी सिग्नल असतानाही ती पूर्ण चालते, लवकर फाटू लागते आणि मधल्या पट्ट्यात पुढे येते. रॉक गिटारवादकांना हे गुण आवडतात. बासवादकाला मुद्दाम खरखरीत आवाज हवा असेल तर तोही ती आनंदाने वापरेल, पण मैदानावर आवाज फाटतो अशी तक्रार असणाऱ्याला ती सुचवणे मला पटत नाही. ६५५० ही टंग-सोल कंपनीची १९५० च्या दशकातली ट्यूब आणि केटी८८ ही तिच्यानंतर थोड्याच काळात ब्रिटनमध्ये आलेली. ६५५० साठी प्लेटची मर्यादा प्रकारानुसार ३५ ते ४२ वॅट धरतात, केटी८८ साठी ४२ वॅट. या दोन्ही ट्यूब मोठ्या आवाजातही स्वच्छ राहतात आणि जोरात छेडलेल्या खालच्या तारेचा ठोका त्यांच्यात मोडत नाही. दोघींमध्ये मला केटी८८ किंचित अधिक मोकळी आणि ६५५० किंचित अधिक कोरडी वाटते. ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि कीबोर्ड सोबत असताना हा फरक कुणी ओळखून दाखवेल यावर मी पैज लावणार नाही.

मग ६एल६ काढून केटी८८ का घालू नये? पहिली अडचण हीटरची, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेची. ६एल६जीसीचा हीटर ६.३ व्होल्टवर ०.९ अँपिअर घेतो, ईएल३४ चा १.५ अँपिअर आणि ६५५० किंवा केटी८८ चा १.६ अँपिअर. चार ६एल६ मिळून ३.६ अँपिअर होतात, चार केटी८८ मिळून ६.४. पॉवर ट्रान्सफॉर्मरची हीटर वाइंडिंग हा जवळपास २.८ अँपिअरचा जादा भार पेलेल अशी बनवलेली नसेल तर ती तापते, आणि ट्रान्सफॉर्मर जळाला तर त्याचा खर्च ट्यूबच्या संचापेक्षा कितीतरी अधिक होतो. दुसरी अडचण बायसची : प्रत्येक जातीच्या ट्यूबला ग्रिडवर वेगळा ऋण व्होल्टेज लागतो आणि हेडमधल्या बायसच्या नियंत्रणाचा पल्ला तिथपर्यंत पोहोचेलच असे नाही. ईएल३४ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिची सप्रेसर ग्रिड पहिल्या पिनवर वेगळी बाहेर काढलेली असते आणि ती आठव्या पिनवरच्या कॅथोडला जोडावी लागते. ६एल६ साठीच्या सॉकेटमध्ये पहिली पिन रिकामी असते, किंवा कित्येक जुन्या हेडमध्ये तिथे दुसराच रेझिस्टर टेकवलेला असतो. न पाहता ईएल३४ घातली तर काय होईल ते त्या रेझिस्टरवर अवलंबून राहील.

बास ॲम्प्लिफायरचा इतिहासही हेच सांगतो. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी बासमन हा ॲम्प्लिफायर. त्याची पन्नासच्या दशकाच्या अखेरची आवृत्ती ५८८१ या ६एल६ च्याच भावंडाच्या जोडीवर चालत असे आणि सुमारे ४० वॅट देत असे. बाससाठी ती अपुरी पडली, लवकर फाटू लागली आणि म्हणूनच गिटारवादकांनी ती उचलली. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात बनलेले पहिले हेड तिच्याच आराखड्यावर आधारलेले होते. दुसरीकडे १९६० मध्ये आलेल्या अँपेगच्या बी-१५ पोर्टाफ्लेक्समध्येही ६एल६ चीच जोडी होती आणि वॅट त्याहून कमी होते, तरी १५ इंची एकच स्पीकर असलेला हा ॲम्प्लिफायर स्टुडिओतल्या बासचा मानदंड ठरला. मोटाउनच्या ध्वनिमुद्रणांतला जेम्स जेमर्सन यांचा बास त्याच्याशी जोडला जातो. आणि मोठ्या मैदानांसाठी १९६९ साली अँपेगने एसव्हीटी काढला तेव्हा त्यांनी एकूण १४ ट्यूब, ३०० वॅट, प्लेटवर सुमारे ७०० व्होल्ट, दहा इंची आठ स्पीकरचे बंद कॅबिनेट आणि प्रचंड ट्रान्सफॉर्मर अशी सगळी तयारी केली. त्यातल्या सहा पॉवर ट्यूब सुरुवातीला ६१४६बी या, मुळात ट्रान्समीटरसाठी असलेल्या जातीच्या होत्या आणि नंतर त्यांच्या जागी ६५५० आल्या. एसव्हीटीचा दबदबा ६५५० मुळे आहे असे मानणारे लोक तिच्याभोवतीचा बाकीचा लोखंड-तांब्याचा पसारा विसरतात.

घुमण्याचे कारण मात्र ट्यूब ॲम्प्लिफायरच्या स्वभावात आहे. टेट्रोड आणि पेंटोड यांचा अंतर्गत विरोध मोठा असल्याने असा ॲम्प्लिफायर स्पीकरच्या कोनाला ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरइतका घट्ट धरून ठेवत नाही. स्पीकर स्वतःच्या अनुनादाच्या वारंवारतेपाशी मोकाट सुटतो आणि तेवढेच एक-दोन स्वर फुगतात. थोड्या प्रमाणात हीच ट्यूबच्या बासची गोलाई आहे आणि ती आपल्याला हवीच असते. लाकडी, आतून पोकळ रंगमंचावर कॅबिनेट थेट ठेवले की मात्र तिचा अतिरेक होतो. आपल्या पत्रात कॅबिनेटविषयी एक शब्दही नाही, आणि मला वाटते आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे.

म्हणून पैसे पुढील क्रमाने खर्चावेत. सध्याच्या चार ट्यूब तपासून घ्या. चारपैकी एखादी थकलेली असेल तर पुश-पुलचा (आळीपाळीने काम करणाऱ्या ट्यूबच्या दोन बाजूंचा) तोल जातो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात एका बाजूचा डीसी प्रवाह शिल्लक राहतो आणि खालचे स्वर आणखी लवकर फाटतात. वापरलेल्या हेडमध्ये हे फार वेळा आढळते. बायस बघताना प्लेटच्या मर्यादेच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंतच जावे असा संकेत आहे : प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर ६एल६जीसीसाठी ३० वॅटचे ७० टक्के म्हणजे २१ वॅट, आणि त्यानुसार प्रत्येक ट्यूबमधून ४६-४७ मिलिअँपिअर. त्याच भेटीत पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर पाहून घ्यावेत. ते म्हातारे झाले असतील तर जोरात छेडलेल्या तारेबरोबर व्होल्टेज खाली बसतो आणि ठोका मऊ होतो. त्यानंतर कॅबिनेट. त्यानंतर मैदानासाठी हेडमधून किंवा डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या पेटीतून) मंडळाच्या साउंड सिस्टीमला वेगळा सिग्नल, म्हणजे मैदान भरण्याचे काम आपल्या १०० वॅटवर पडणार नाही. एवढे करूनही समाधान झाले नाही तर केटी८८ साठीच बनवलेल्या हेडचा विचार करा.

हे काम माहितगार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. हेड बंद करून प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो. स्पीकर न जोडता ट्यूब हेड सुरू करणे हाही ट्रान्सफॉर्मर घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आणि आपल्याकडे गणेशोत्सवात पाऊस असतोच, तेव्हा तापलेल्या ट्यूबवर पाण्याचा थेंब पडला तरी काच तडकते, हे मांडवात जागा निवडताना लक्षात असू द्यावे.

प्रश्न : माझे ५०० वॅटचे हेड हायब्रिड आहे, म्हणजे पुढे एक १२एएक्स७ आणि मागे क्लास-डी पॉवर विभाग. ही एक ट्यूब बदलून खरा ट्यूबचा आवाज मिळेल का? कोणती घ्यावी? माझा बास ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला) आहे. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मागचा पॉवर विभाग ट्यूबचा नसल्याने वर सांगितलेली गोलाई मिळणार नाही, पण पुढच्या ट्यूबचा उपयोग नाही असेही नाही. बासच्या तारेतून निघणारा मूळ स्वर बऱ्याचदा त्याच्या दुसऱ्या हार्मोनिकपेक्षा क्षीण असतो, आणि मूळ स्वर जवळपास नसला तरी आपला कान हार्मोनिकवरून तो ओळखतो. एकेरी ट्रायोड हलकीशी दबली की मुख्यतः दुसरा हार्मोनिक मिसळते. त्यामुळे लहान स्पीकरवरही स्वर ठळक होतो. ‘ट्यूबमुळे बास मोठा वाटतो’ या म्हणण्यात एवढे शास्त्र आहे.

ट्यूब बदलल्यावर जो फरक ऐकू येतो तो बहुतांशी गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो याचा, असतो. १२एएक्स७ चा वर्धनांक १००, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा सुमारे ४४ आणि १२एयू७ चा १७ ते २०. प्रत्यक्ष सर्किटमध्ये हे आकडे जसेच्या तसे उतरत नाहीत. १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर असलेल्या नेहमीच्या टप्प्यात १२एएक्स७ सुमारे ६० पट वाढवते आणि १२एयू७ सुमारे १५ पट, म्हणजे १२ डेसिबलचा फरक. या पाचही ट्यूबची पिनांची रचना सारखी असल्याने त्या एकमेकींच्या जागी बसतात. १२एटी७ मात्र अधिक प्रवाहासाठी बनवलेली असल्याने १२एएक्स७ च्या जागी ती नेहमीच खुलते असे नाही. ॲक्टिव्ह बासचा सिग्नल जोरकस असल्यामुळे आपल्याकडे पहिली ट्यूब गरजेपेक्षा लवकर दबत असणार. हेडवर ॲक्टिव्ह बाससाठी कमी संवेदनशील असे वेगळे इनपुट असेल तर आधी ते वापरून पाहा, त्याला काही खर्च नाही. ते नसेल तर ५७५१ किंवा १२एवाय७ घ्या. काही स्वस्त हायब्रिड हेडमध्ये ट्यूबला अगदी कमी प्लेट व्होल्टेज दिलेला असतो आणि तिथे ट्यूब केवळ शोभेची नसली तरी फार काही करू शकत नाही. आपले हेड त्यांपैकी असेल तर पैसे खर्चू नयेत.

तुलना करताना आवाजाची पातळी समान करून घ्यावी, नाहीतर निष्कर्ष हमखास चुकतो. कमी आवाजात कानाची खालच्या स्वरांची संवेदनशीलता फार घटते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. त्यामुळे जी ट्यूब जास्त गेन देते तिच्यात बास अधिक असल्याचा भास होतो. एकच ओळ, एकाच जोराने वाजवून, फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपने पातळी जुळवून ध्वनिमुद्रित करावी आणि दुसऱ्या दिवशी ऐकावी. जाहिरातींतली ‘मखमली’, ‘सोनेरी’ ही विशेषणे या परीक्षेत फारशी टिकत नाहीत. तसेच आज ट्यूब बनवणारे कारखाने मोजकेच, मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये आहेत. एकाच कारखान्याचा माल वेगवेगळ्या नावांनी, निवडून आणि नवा छाप मारून विकला जातो. त्यामुळे नावापेक्षा निवड करून देणारा विक्रेता महत्त्वाचा. हेड कॅबिनेटवर ठेवून वाजवत असाल तर कमी मायक्रोफोनिक नग मागून घ्या. बासच्या कंपनांनी ट्यूबचे आतले भाग थरथरतात आणि तो आवाज पुन्हा वाढून बाहेर पडतो. पेन्सिलीच्या रबरी टोकाने ट्यूबवर हलकेच टकटक केले की ही खोड लगेच समजते.

प्रश्न : अमेरिकेतील नातेवाइकांनी माझ्यासाठी सहा ६५५० असलेले मोठे बास हेड पाठवले आहे. मागे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे लिहिले आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालेल का? ट्यूब जुन्या झाल्या आहेत, तेव्हा केटी८८ घालू का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ६५५० च्या जागी केटी८८ बहुधा चालतात, कारण पिना आणि हीटरचा प्रवाह सारखा आहे. बायस नव्याने करावा लागेल, आणि केटी८८ ची काच अधिक फुगीर असल्याने सहा ट्यूब शेजारी-शेजारी बसतात का आणि त्यांना पकडणाऱ्या क्लिपा लागतात का, हे आधी मोजून पाहावे.

पहिला प्रश्न अधिक गंभीर आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर २३० चे १२० व्होल्ट करतो, पण ५० हर्ट्झचे ६० हर्ट्झ करत नाही. वर आउटपुट ट्रान्सफॉर्मरबद्दल जे सांगितले तेच इथे पॉवर ट्रान्सफॉर्मरला लागू होते : तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर गाभ्यातील चुंबकीय प्रवाह २० टक्क्यांनी वाढतो. मागे ‘५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असते तर चिंता नव्हती. केवळ ६० हर्ट्झसाठीचा, काटकसरीने बनवलेला ट्रान्सफॉर्मर इथे तापेल आणि गुणगुणेल. व्होल्टेज १०० पर्यंत उतरवून प्रवाह आटोक्यात आणता येतो, पण मग ६.३ व्होल्टच्या हीटरला ५.२५ व्होल्टच मिळतात आणि ट्यूब उपाशी राहतात. म्हणून आधी हेड उघडून पॉवर ट्रान्सफॉर्मरला २३० किंवा २४० व्होल्टचे टॅप (वाइंडिंगमधून बाहेर काढलेली जोडणीची टोके) आहेत का ते तंत्रज्ञाकडून पाहून घ्यावे. कित्येक कंपन्या जगभर एकच ट्रान्सफॉर्मर वापरतात आणि जोडणी बदलली की काम होते. अशा वेळी मुख्य फ्यूजचे मूल्य साधारण निम्मे करावे लागते. टॅप नसतील तर ५० हर्ट्झसाठीचा पॉवर ट्रान्सफॉर्मर नवा बसवणे हाच टिकाऊ उपाय. शिवाजी उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करणारे हात कुशल आहेत, परंतु सुमारे ७०० व्होल्टची वाइंडिंग आणि हीटरची वाइंडिंग यांच्यातील इन्सुलेशनचा अनुभव असलेल्याकडेच हे काम द्यावे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मात्र हात लावू देऊ नये. त्याच्या वाइंडिंगचे थर विशिष्ट क्रमाने एकमेकांत गुंफलेले असतात आणि तो क्रम बिघडला तर आवाज परत येत नाही.

कार्यक्रम जनरेटरवर असेल तर स्टॅबिलायझर वापरावा. २३० चे २५० व्होल्ट झाले की ६.३ व्होल्टचा हीटर ६.८५ पर्यंत चढतो, आणि बहुतेक ट्यूबसाठी सुमारे १० टक्क्यांचीच सूट धरलेली असते. गुणगुण कमी व्हावी म्हणून अर्थिंगची पिन काढण्याची चाल आपल्याकडे अजून दिसते. ती कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण वादकाच्या हातातल्या तारा थेट चॅसीला जोडलेल्या असतात.

प्रश्न : आमच्या आजोबांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा व्यवसाय होता. माळ्यावर त्या काळातील व्हॉल्व्हचा खोका सापडला. ईसीसी८३, ईसीसी८५, ईएल८४ आणि काही ईएल३४ असून काहींवर बेलचा, काहींवर मुलार्ड आणि फिलिप्सचा छाप आहे. बास ॲम्प्लिफायरसाठी यांचा उपयोग होईल का? — एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : होईल, पण निवडून. काचेच्या टोकाशी असलेला आरशासारखा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलेली आहे आणि ती ट्यूब टाकून द्यावी. उरलेल्यांच्या हीटरची सलगता मल्टिमीटरने पाहावी : ईएल३४ साठी २ आणि ७ या पिनांमध्ये, ईएल८४ साठी ४ आणि ५ मध्ये. त्यानंतर ट्यूब टेस्टर असलेल्या तंत्रज्ञाकडे न्याव्यात.

ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७ चे युरोपीय नाव. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बेलने, बनवलेले चांगले नग आजच्या पुष्कळ नव्या ट्यूबपेक्षा शांत वाजतात असा माझा अनुभव आहे. बासच्या पहिल्या टप्प्यात ती जरूर वापरावी. ईएल८४ ची मर्यादा १२ वॅट आहे. तिच्या जोडीवर १५ वॅटच्या आसपासचा ॲम्प्लिफायर होतो, जो घरी सरावाला आणि ध्वनिमुद्रणाला पुरतो, ढोलकीसोबत पुरत नाही. ईएल३४ एकमेकींशी जुळणाऱ्या निघाल्या तरच जोडीने वापराव्यात. ईसीसी८५ मात्र नावात साम्य असले तरी ईसीसी८३ च्या जागी घालू नये. तिच्या हीटरची जोडणी वेगळी आहे, आणि ४ व ५ या पिनांवर १२.६ व्होल्ट येत असलेल्या सॉकेटमध्ये ती बसवली तर ६.३ व्होल्टचा तिचा हीटर काही क्षणांत जळेल. खोक्यातल्या ईसीसी८५ वेगळ्या बांधून त्यांवर तशी चिठ्ठी लावून ठेवावी.